हवेचा वावर

गेल्या एप्रिलमध्ये एकदा जेवताना मी म्हणालो, "कूलर घ्यायचाय." आईने भाकरी थापता थापता विचारलं, "त्यात घालायला पाणी कोण आणणार?"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे कूलर म्हणजे तिन्ही बाजूंना वाळ्याची किंवा गवताची जाळी लावलेला, पोटात पाणी भरायचा पत्र्याचा खोका. उन्हाळा आला की जव्हारच्या बाजारात दुकानांबाहेर तो दिसायला लागतो. आमच्या पाड्याच्या विहिरीचा त्या दिवसांत तळ दिसतो, त्यामुळे पाणी पिणारी वस्तू विकत घेणं हा घरात चेष्टेचाच विषय. मला हवा असलेला कूलर पाऊण विटेएवढा होता. तांब्याच्या चार नळ्या, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची थप्पी आणि तिला टेकून एक पंखा. तो घरात नाही, कॉम्प्युटरच्या पोटात, प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. एवढं समजावून झाल्यावर आई म्हणाली, "म्हणजे माणसांसाठी नाहीच."

आमचं गाव वावर, तालुका जव्हार, जिल्हा पालघर. मराठी वाचकाला हे नाव माहीत असेल तर बहुधा 'वावर-वांगणी' असं जोडीनेच माहीत असेल, १९९२-९३ सालच्या कुपोषणाच्या बातम्यांमुळे. मी त्यानंतर काही वर्षांनी जन्मलो. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलवर गावाचं नाव सांगितलं, तेव्हा एका मुलाच्या वडिलांना ते लगेच आठवलं होतं, आणि मग काय बोलावं हे त्यांनाही सुचलं नव्हतं आणि मलाही.

आता मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून वर्षाचे बरेचसे महिने मी घरूनच काम करतो. माझी कंपनी याला तयार झाली ती एका अटीवर, कामात खंड पडता कामा नये. कंपनीचा लॅपटॉप आहे, पण मोठा बिल्ड त्यावर तासभर रेंगाळतो, म्हणून मी साठवलेल्या पैशांतून डेस्कटॉप जुळवला. सहा कोअरचा प्रोसेसर, त्याच्यासोबत खोक्यात आलेला छोटा कूलर. हिवाळा आणि पावसाळा मशीनने तक्रारीला जागा ठेवली नाही. एप्रिलमध्ये मात्र दुपारी बिल्ड लावला की आधी त्याचा वेग मंदावायचा. मग एकाच आठवड्यात, तेही रिलीजच्या आठवड्यात, मशीन दोनदा चालता चालता बंद पडलं. दुसऱ्या वेळी साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. जूनपर्यंत नीट होत नसेल तर ऑफिसला या, एवढंच ते म्हणाले.

म्हणून कूलर. अडीच-तीन हजारांची वस्तू, पण ती चुकली असती तर मला पुण्यात खोली शोधावी लागली असती आणि बाबांना उठवायला-बसवायला आई एकटी उरली असती. मी चार रात्री वाचत बसलो. कुठला कूलर घ्यावा हे शोधायला सुरुवात केली होती. वाचता वाचता कॉम्प्युटरची उष्णता आजवर कुठे कुठे गेली आणि ती कुणी सोसली, याचाच इतिहास समोर येत गेला.

आधी एक साधी गोष्ट, जी मला पदवी असूनही नव्याने समजून घ्यावी लागली. प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हिशोब करून उरलेली वीज कुठे साठत नाही. कूलर ही उष्णता नाहीशी करत नाही. तो ती नखाएवढ्या चकतीवरून उचलतो, पात्यांवर पसरतो आणि हवेच्या स्वाधीन करतो. पुढे तिचं काय करायचं हा खोलीचा प्रश्न.

पूर्वी हा प्रश्न फार मोठा होता, कारण मशीनच खोलीएवढं होतं. अमेरिकेतल्या एनियाकमध्ये, १९४६ साली तो जगासमोर आला तेव्हा, अठरा हजारांच्या आसपास निर्वात नळ्या होत्या. त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे आणि गरम हवा ओढून काढायला मोठाले पंखे बसवलेले होते. आपल्याकडे पहिलं नाव घ्यायचं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. होमी भाभांनी १९४५ साली स्थापलेल्या या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण इंजिनियरांच्या गटाने आधी एक नमुना यंत्र बांधलं आणि मग पूर्ण आकाराचं. १९६० मध्ये ते कामाला लागलं आणि १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. स्मृती होती चाळीस बिटांच्या २०४८ शब्दांची. आजच्या भाषेत दहा किलोबाइट. या लेखाचा मजकूरही त्यात मावणार नाही.

लहानशा निर्वात नळीची आतली तार तापवायलाच दोनेक वॅट लागतात. माझा अंदाज धरून चला: २७०० नळ्या म्हणजे पाच किलोवॅटहून जास्त उष्णता, तीही एक आकडा मिळवण्याआधी, फक्त चालू होण्यासाठी. एक किलोवॅटच्या पाच विजेच्या शेगड्या मुंबईच्या दमट हवेत दिवसभर पेटलेल्या आहेत, अशी कल्पना करा.

निर्वात नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ आला, भारतातल्या व्यापारी कंपन्यांकडे आलेल्या पहिल्या काही कॉम्प्युटरांपैकी तो एक. १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आला आणि देशभरातले संशोधक आपलं गणित घेऊन मुंबईला येऊ लागले. ट्रान्झिस्टर निर्वात नळीपेक्षा कितीतरी कमी तापतो, पण मशीनं मोठी झाली आणि तापमानाबद्दल हळवीही. माणसाच्या कचेरीत छताचा पंखा आणि कॉम्प्युटरच्या खोलीत एअरकंडिशनर ही विभागणी त्या काळात पक्की झाली आणि पुढे तीसेक वर्षं टिकली.

माझ्या पिढीनेही तिचं शेपूट पाहिलं आहे. सातवी-आठवीत असताना आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती. दारावर कुलूप, खिडक्यांना जाड पडदे, भिंतीत एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमच्यातल्या निम्म्यांच्या पायात चपला नसायच्या, ते दारात पाय झटकायचे. खरं सांगायचं तर कॉम्प्युटर शिकण्यापेक्षा त्या गारव्यासाठी आम्ही तो तास कधी येतो याची वाट बघायचो. एका मशीनसमोर चार मुलं आणि पाठीवर एसीचा झोत. देवळात गाभारा गार असतो तशीच ही खोली गार असते, असं मला वाटायचं. ते डेस्कटॉप छताच्या पंख्याखालीही नीट चालले असते हे कळायला इंजिनियरिंगपर्यंत जावं लागलं. त्यांची उष्णता सांभाळायला त्यांच्या पोटातच पंखे होते. खोली गार ठेवायची रीत मात्र मोठ्या मशीनांकडून वारशाने आली होती आणि कुणी ती मोडली नव्हती.

उष्णता पोटात कधी आली, याला साल सांगता येतं. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरच्या डोक्यावर काहीच नव्हतं. वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा पुरायचा. इंटेलचा ४८६ आला १९८९ मध्ये, आणि १९९२ मध्ये त्याचा ६६ मेगाहर्ट्झचा डीएक्स२. या सुमारास प्रोसेसरवर दातेरी ॲल्युमिनियमची वडी आणि तिच्यावर चिमुकला पंखा ही जोडी रूढ झाली. तैवानमध्ये कूलर मास्टर ही कंपनी स्थापन झाली तीही १९९२ मध्ये. चकतीवरची उष्णता वाहून नेणं हाच आता स्वतंत्र धंदा होऊ शकत होता.

ते साल वाचलं तेव्हा मी थोडा थांबलो. त्याच वर्षी आमच्या गावाचं नाव वर्तमानपत्रांत आलं होतं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि मी तो लावूही इच्छित नाही. पण आमच्या घरात १९९२ म्हटलं की आजी बोलायची थांबते. मी ज्या धंद्याचा इतिहास वाचत होतो त्यात ते साल सुरुवातीचं होतं.

पुढची बारा वर्षं प्रोसेसर तापतच गेले. खरं तर १९६५ मध्ये, एका चिपवर दर वर्षी दुप्पट घटक मावतील असं भाकीत गॉर्डन मूर यांनी ज्या लेखात केलं, त्याच लेखात त्यांनी उष्णतेचा प्रश्न स्वतःच काढला होता. चिप सपाट असते, उष्णता काढून घ्यायला तिचा पृष्ठभाग मोकळा असतो, त्यामुळे अडचण येऊ नये, असं त्यांचं उत्तर होतं. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला सूत्राची जोड दिली: ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केला, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता तेवढीच राहते. तीस वर्षं हे बऱ्यापैकी जमलं. मग व्होल्टेज आणखी खाली नेणं अवघड झालं, कारण बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली. २००४ च्या फेब्रुवारीत इंटेलचा प्रेसकॉट हा पेंटियम ४ आला. त्याच्या वेगवान आवृत्त्या शंभर वॅटच्या पुढे गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने त्याच्या पुढचा, टेजस नावाचा प्रोसेसर रद्द केला. चार गिगाहर्ट्झ दारात उभे होते, ते तेव्हा आत आले नाहीत. त्यानंतर कंपन्यांनी एका चिपवर दोन, चार, सहा कोअर ठेवायला सुरुवात केली. मी रोज सहा कोअरवर कोड बिल्ड करतो, त्याच्या मुळाशी उष्णतेची ही माघार आहे.

कूलरच्या बाजूनेही या काळात मोठा बदल झाला. भरीव धातूची वडी कितीही मोठी केली तरी उष्णता तिच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. दूरची पाती थंडच राहतात आणि फुकट जातात. यावर उपाय तिसरीकडेच सापडलेला होता. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी उष्णनलिका बनवून दाखवली. अंतराळयानांत तिचा उपयोग झाला आणि कालांतराने ती कॉम्प्युटरमध्ये आली. तांब्याची बंद नळी, आतून हवा काढलेली, पाण्याचे काही थेंब आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर. दाब कमी असल्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता थोड्या उष्णतेवरच वाफ होतं. वाफ नळीच्या गार टोकाकडे धावते, तिथे पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि वात तेल ओढते तसं ते थरातून परत खाली झिरपतं. पंप नाही, विजेची गरज नाही. दुकानात 'चार हीट पाइप' असं लिहिलेलं असतं, ते हेच. गेल्या दशकात हायपर २१२ सारख्या कूलरांनी चार नळ्या, एक मनोरा आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा ही रचना सर्वसामान्य खिशाच्या आवाक्यात आणली. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा २०१४ चा एनएच-डी१५ आहे: दोन मनोरे, दोन पंखे, उंची १६५ मिलिमीटर आणि वजन सव्वा किलोच्या वर.

इथवर वाचून झाल्यावर मला वाटलं, आता फक्त आकडे पाहायचे आणि मागवायचा. आणि तिथेच अडलो.

कूलरच्या चाचण्या ज्या खोल्यांत होतात त्या खोल्या वीस-बावीस अंशांच्या असतात. आणि कूलरचं काम खोलीच्या तापमानावर मोजायचं असतं. ठरावीक वॅटला एखादा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा पन्नास अंशांवर रोखत असेल, तर बावीस अंशांच्या खोलीत तो बहात्तर दाखवतो आणि लोक त्याला शाबासकी देतात. तोच कूलर, तोच प्रोसेसर, एकेचाळीस अंशांच्या खोलीत एक्याण्णव दाखवणार. कूलरने आपलं काम तंतोतंत तेवढंच केलेलं असतं. वरचे एकोणीस अंश खोलीचे. माझा प्रोसेसर पंचाण्णव अंशांना स्वतःचा वेग कमी करतो. वर त्याच्या कागदावर ६५ वॅट लिहिलेले असले तरी सगळे कोअर राबताना तो ८८ वॅटपर्यंत जातो.

जव्हारच्या एका मेडिकल दुकानातून मी भिंतीवर टांगायचा थर्मामीटर आणला. माझं टेबल होतं घरकुलाच्या नव्या खोलीत, सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब. दुपारी चारला तिथे साडेचाळीस. रात्री दहाला, बाहेर वारा सुटलेला असताना, चौतीस. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री आमच्या अंगावर ओतत असतो. मग मशीन उघडलं. जुन्या कूलरच्या पात्यांमध्ये करड्या रंगाचं नमदं बसलेलं होतं: धूळ, चुलीची काजळी आणि कोंबडीचं एक बारीक पीस. ते साफ केल्यावर मशीन बंद पडायचं थांबलं. पण दुपारचा बिल्ड पंचाण्णवला टेकतच होता आणि वेग घसरतच होता.

पाणी की हवा, हा प्रश्न बाजारात पहिला विचारतात. पाण्याच्या बंद कूलरमध्ये एकदाच भरलेलं थोडंसं पाणी पंपाने फिरत असतं, तेव्हा आईची काळजी त्याला लागू होत नाही. बरीच मोठी मशीनं तर पाण्याशिवाय चालतच नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ च्या जानेवारीत सुरू झालेला 'प्रत्यूष' हा महासंगणक क्रे एक्ससी४० जातीचा. या जातीच्या मशीनच्या कपाटांमधून वाहणारी हवा जागोजागी थंड पाण्याच्या नळ्यांवरून जाते. पालघर जिल्ह्यात उष्णतेची लाट येणार असा इशारा मोबाइलवर येतो, तेव्हा त्यामागचं गणित अशाच एखाद्या पाण्याने गार ठेवलेल्या मशीनवर झालेलं असतं. हे वाचत होतो त्या आठवड्यात शेजारच्या मोखाडा तालुक्यात टँकर फिरत होते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी मध्य वैतरणा त्याच तालुक्यात आहे. महासंगणकाचा त्यात दोष नाही. पण पाणी कुठल्या दिशेने वाहतं हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही.

मी हवेचा कूलर निवडला तो मात्र यासाठी नाही, साध्या हिशोबाने. पाण्याच्या कूलरचा रेडिएटरही शेवटी त्याच खोलीच्या हवेत उष्णता सोडतो. एकेचाळीस अंश त्यालाही चुकत नाहीत. त्याचा पंप बिघडला तर दुरुस्ती शंभरावर किलोमीटरवर ठाण्या-मुंबईत, आणि तोवर मशीन बंद. हवेच्या कूलरचा पंखा गेला तर १२० मिलिमीटरचा कुठलाही पंखा क्लिपने अडकवता येतो. आणि पंखा येईपर्यंत नळ्या-पाती मशीन रांगत का होईना चालवतात. उंची १५५ मिलिमीटरची, माझ्या कॅबिनेटची मर्यादा १६०. सॉकेटची पट्टी जुळत होती, रॅमच्या कांडीला पंखा अडत नव्हता. मागवला. पार्सल गावात येत नाही, जव्हारला जाऊन घ्यावं लागतं.

बसवत होतो तेव्हा बाबा शेजारी खुर्चीत होते. त्यांनी कूलर मांडीवर घेतला, उजव्या हाताने फिरवून पाहिला आणि पात्यांमधून उजेडाकडे बघितलं. "फटी ठेवल्यात," ते म्हणाले. "भट्टीसारख्या."

बाबांचं लहानपण वीटभट्टीवर गेलं. दिवाळी झाली की आजा-आजी पोरांना घेऊन भिवंडीकडे जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. आमच्या तालुक्यातली कित्येक घरं अजून जातात. भट्टी रचताना कच्च्या विटा एकमेकींना चिकटवून लावत नाहीत. बोटभर फट सोडतात, खाली जाळ आणि हवा जायला बोळ ठेवतात, थरांमध्ये कोळसा आणि तूस घालतात आणि बाहेरून मातीने लिंपतात. हवा कुठून शिरणार आणि धूर कुठून निघणार हे आधी ठरवायचं, मग वीट उचलायची. हे बाबा कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाहीत. चौदाव्या वर्षापर्यंत ते विटा वाहत होते. मी उष्णतावहनाच्या पेपरला बासष्ट मार्क मिळवले होते आणि त्यातला एकही प्रश्न भट्टीवर नव्हता.

मग त्यांनी कॅबिनेटकडे पाहिलं. मी ते भिंतीला लावून ठेवलं होतं, पाठीमागे चार बोटंसुद्धा जागा नव्हती. "याचा धूर कुठून जातो?" त्यांनी विचारलं. मी कॅबिनेट हातभर पुढे ओढलं.

नव्या कूलरने पहिल्या दुपारी सत्त्याऐंशी दाखवले. वेग घसरला नाही. मी खूश होतो. बाबा नव्हते. ते म्हणाले, "दुपारची कोंबडी तरी बसते का या खोलीत?"

नाही बसत. कोंबड्या, कुत्रा आणि आजी, तिघंही दुपारी जुन्या घरात असतात. घरकुलाला लागून आमची जुनी खोली अजून उभी आहे. कारवीच्या काठ्यांचा कूड, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेला, वर कौलं. कूड आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा. चुलीचा धूर तिथून निघून जायचा. चूल आता पडवीत गेली आहे, जागा तशीच आहे. खालच्या दारातून हवा येते, तापते, वर चढते आणि त्या फटीतून बाहेर पडते. थर्मामीटर नेऊन टांगला. दुपारी चारला पस्तीस. रात्री दहाला एकोणतीस.

अडीच-तीन हजारांच्या कूलरने जेवढे अंश वाचवले, जवळजवळ तेवढेच आणखी त्या खोलीने वाचवले, आणि तेही माणसांसकट. सरकारी कागदात ही खोली 'कच्चे घर' आहे. पक्कं घर मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला होता आणि ते मिळालं याचा आनंदही आहे. पावसाळ्यात कूड भिजतो, दर वर्षी लिंपावा लागतो, सापाची भीती असते. मी जुन्या घराचं गाणं गाणार नाही. लिंपण आई करते, मी करत नाही. पण स्लॅब टाकताना हवेसाठी वर वीतभर जागा ठेवावी हे नकाशा काढणाऱ्याला सुचलं नाही, आणि आम्हालाही तेव्हा सुचलं नाही. पक्कं म्हणजे बंद, असंच आम्ही सगळे धरून चाललो.

टेबल हलवायला एक रविवार गेला. वायर कुडातून ओढली, जमिनीची धूळ उडू नये म्हणून टेबलाखाली ताडपत्री घातली, कॅबिनेटच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला. तो दर पंधरवड्याला धुतो; दर वेळी पाणी तपकिरी होतं. आता दुपारी मशीन एक्क्याऐंशीला स्थिरावतं. नंतर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा ८८ वरून ६५ वॅटवर आणली, तेव्हा आकडा एकाहत्तरवर आला. बिल्डला दीड मिनिट जास्त लागतं, तेवढ्यात मी बाबांना पाणी देऊन येतो. कुणी मला कूलर कुठला घ्यावा असं विचारलं, तर मी आधी खोलीचं तापमान विचारतो, मग कॅबिनेटच्या मागे किती जागा आहे ते, आणि नाव त्यानंतर सांगतो.

जूनमध्ये साहेबांचा फोन आला. मशीनबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे ठीकच होतं. पुढच्या रिलीजची तारीख ठरवली. मागून कोंबडी ओरडली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठे आहात?" मी म्हणालो, "ऑफिसात."

पहिला पाऊस त्याच रात्री आला. पहाटे उठून पाहिलं तर एका कौलातून थेंब थेंब पाणी टेबलाच्या हातभर पलीकडे पडत होतं आणि त्याखाली आईने आधीच पातेलं ठेवलेलं होतं.